पस्तिशीपर्यंतची सही

विश्वचषक फुटबॉल जवळ आला की ज्युस्त फोंतेनच्या नावावरची धूळ झटकली जाते. स्वीडन, १९५८, सहा सामने, तेरा गोल. एवढं सांगून झालं की नाव पुन्हा फडताळात. मार्च २०२३ मध्ये तुलूझला वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला, तेव्हाही मृत्युलेख या आकड्याभोवतीच फिरत राहिले. विक्रम मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. १९७० मध्ये गेर्ड म्युलर दहावर थांबला, २००२ मध्ये रोनाल्डो आठवर आणि २०२२ मध्ये एमबापेही आठवरच. तरीही फोंतेनच्या आयुष्यातलं सर्वांत टिकाऊ काम हे नव्हे, असं आमचं मत आहे.

त्या तीन आठवड्यांत नशिबाचा वाटा बराच होता. १९३३ साली मराकेशला जन्मलेला, कासाब्लांकात घडलेला हा खेळाडू नीसमार्गे १९५६ मध्ये रँसच्या क्लबात आला, तो रेमाँ कोपा रेआल माद्रिदला गेल्यानं रिकामी झालेली जागा भरायला. राष्ट्रीय संघात त्याचं स्थान पक्कं नव्हतं. क्लबातला सहकारी रने ब्लियार स्पर्धेच्या तोंडावर जखमी झाला, म्हणून फोंतेनला आघाडीवर उभं राहायला मिळालं. त्यात बूट फाटले. स्तेफान ब्रुए या राखीव खेळाडूचे मापाला आले, ते घालून तो खेळला. काळही गोल करणाऱ्यांचा होता. त्या स्पर्धेत ३५ सामन्यांत १२६ गोल झाले. माद्रिदहून आलेला कोपा आणि फोंतेन यांचं असं जुळलं की फ्रान्सच्या २३ गोलांपैकी १३ एकट्या फोंतेनच्या नावावर लागले. पराग्वेविरुद्ध तीन, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध चार. त्या सामन्यात पेनल्टी मिळाली तीही त्यानं घेतली नाही, कोपानं घेतली. आजच्या आघाडीवीरांना हे सांगून पाहावं!

उपांत्य सामना मात्र वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्राझीलशी १-१ बरोबरी असताना फ्रान्सचा बचावपटू रोबेर जाँके याचा पाय मोडला. बदली खेळाडू उतरवण्याची सोय तेव्हा नव्हती. जाँके मोडक्या पायानं मैदानाच्या कडेला लंगडत राहिला आणि सतरा वर्षांच्या पेलेच्या ब्राझीलनं सामना ५-२ असा नेला. पाय खेळाडूचा, पण त्याचं काय करायचं हे ठरवण्यात त्याला फारसा वाव नव्हता.

मैदानावर हे एका सामन्याचं. करारात ते अख्ख्या उमेदीचं होतं. त्या काळच्या फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडूनं एकदा सही केली की वयाच्या पस्तिशीपर्यंत तो क्लबच्या दावणीला. विकायचा की ठेवायचा, हे क्लब ठरवणार. विकला तर कुणाला, हेही क्लबच ठरवणार. खेळाडूला विचारण्याचं बंधन नाही. पस्तिशीनंतर तो मोकळा, म्हणजे बहुधा निवृत्त. लोक ज्याच्या नावानं स्टेडियम डोक्यावर घेत, त्याला एखाद्या गिरणी कामगाराला असलेली मोकळीकही नव्हती, कारण कामगार निदान नोकरी सोडून दुसऱ्या गिरणीत जाऊ शकत होता.

मार्च १९६० मध्ये फोंतेनचा पाय मोडला. बरा होऊन तो परतला आणि १९६१ च्या सुरुवातीलाच पुन्हा मोडला. १९६२ च्या उन्हाळ्यात, वयाच्या २८ व्या वर्षी, कारकीर्द संपली: फ्रान्ससाठी २१ सामने, ३० गोल. या दुसऱ्या दुखापतीनंतर आणि निवृत्तीपूर्वी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, फ्रान्सच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली आणि फोंतेन तिचा पहिला अध्यक्ष झाला. कल्पनेमागचा मुख्य माणूस युजेन न्जो-लेआ. कॅमेरूनचा हा आघाडीवीर फ्रान्समध्ये खेळता खेळता कायदा शिकला होता. (सेंत-एतियेनमधला त्याचा जोडीदार रशीद मेखलुफी १९५८ च्या एप्रिलमध्ये अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या संघात सामील व्हायला फ्रान्समधून गुपचूप निघून गेला होता. त्या पिढीला नुसतं खेळाडू म्हणून मोजणं मुळातच अपुरं आहे.) कायदा न्जो-लेआचा, वजन फोंतेनचं. तेरा गोलांचा खरा उपयोग झाला तो इथे. एखाद्या अनोळखी बचावपटूच्या तक्रारीला क्लबच्या अध्यक्षांनी केराची टोपली दाखवली असती; फोंतेनला भेट नाकारणं अवघड होतं.

कोपाही या लढ्यात होता. १९६३ मध्ये त्यानं जाहीरपणे फुटबॉलपटूंना गुलाम म्हटलं. खाणकामगारांच्या घरातला, स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरलेला हा माणूस शब्द उधार घेऊन बोलत नव्हता. महासंघानं त्याला सहा महिन्यांची, स्थगित ठेवलेली बंदी ठोठावली. खेळातल्या संस्थांना खेळाडूचा राग मैदानावर चालतो, कार्यालयात चालत नाही. हे फ्रान्सपुरतं नाही.

मुदतीचा करार १९६९ मध्ये मान्य झाला. तो मागे घ्यायची चाल झाली तेव्हा १९७२ मध्ये खेळाडूंनी संप केला. फोंतेन तोवर प्रशिक्षक झाला होता. राष्ट्रीय संघाची धुरा १९६७ मध्ये दोनच सामने त्याच्याकडे राहिली, दोन्ही हरले. पॅरिस सेंट-जर्मेनला मात्र त्यानं १९७४ मध्ये पहिल्या विभागात चढवलं. पुढे मोरोक्कोचा संघही घडवला.

त्याच पॅरिसच्या क्लबातून २०२४ च्या उन्हाळ्यात एमबापे करार संपताच उठला आणि रेआल माद्रिदला गेला. क्लबला बदलीचा छदामही मिळाला नाही. मधल्या काळात, करार संपलेल्या खेळाडूला बदलीशुल्काविना मोकळं करणारा १९९५ चा बॉस्मन निकालही येऊन गेला होता, हे खरं. पण मुदत नावाची गोष्टच करारात नसती तर संपायचं काय होतं? फोंतेनच्या वेळच्या नियमानं एमबापे डिसेंबर २०३३ पर्यंत पॅरिसचाच राहिला असता.