मायेची ऊब पुरे झाली आता

गोधडी हा शब्द नुसता उच्चारला तरी मराठी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. येऊ दे. पण त्या पाण्यात गोधडी शिवणारी बाई पार वाहून जाते, आणि त्याला माझी हरकत आहे. ती आज जरा सविस्तर नोंदवणार आहे, तेव्हा मंडळी, चहा घेऊनच बसा.

दर थंडीत आणि दर मातृदिनाला फिरणारे ते मजकूर तुम्हीही वाचले असतील. आजीचं लुगडं, आईचा पदर, मायेचा धागा, आणि शेवटी हमखास ‘आताच्या ब्लँकेटला ती ऊब कुठली’. गेल्या थंडीत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या लोकांनी तोच मजकूर टाकला, त्यातल्या दोघांकडे माझ्या हातच्या गोधड्या आहेत. (नावं घेत नाही, ते वाचताहेत.) या सगळ्या लिखाणात एक गोष्ट सारखी असते. लिहिणारा कायम गोधडीच्या आत असतो, पांघरून झोपलेला. गोधडीच्या बाहेर बसून, मांडी घालून, जिने ती शिवली तिला त्या वेळी काय वाटत होतं हे कोणी विचारतच नाही. तिला माया वाटत होती म्हणे. बस्स, संपलं. वीस-तीस तास माणूस एका कामाला बसतो आणि त्याच्या डोक्यात मायेखेरीज काहीच चालू नसतं?

मी सांगते काय चालू असतं. हा निळा इथे नको, शेजारी तो पिवळा आहे तो त्याला खाऊन टाकतोय. इरकलीचा काठ मध्ये घेतला तर सगळं लक्ष तिकडेच जाईल, मग तो कडेला लावू. खणाचा तुकडा एवढासाच उरलाय, तो कुठे ठेवला म्हणजे तुकडा न दिसता दागिना दिसेल? हे चालू असतं. याला माया म्हणत नाहीत. चित्रकाराच्या डोक्यात हेच चालू असतं तेव्हा आपण त्याला रचना म्हणतो आणि शेजारी हळू आवाजात बोलतो.

दुसरा आवडता शब्द काटकसर. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे तर इतकं घासून झालंय की त्याचीच आता गोधडी करावी. जुनं कापड वापरलं जातं हे खरंच आहे. पण नुसती काटकसर असती तर हाताला येईल ते ठिगळ येईल तिथे लावून काम संपलं असतं. ऊब तेवढीच मिळाली असती, थंडीला रंग कळत नाहीत. मग तांबडे त्रिकोण एकाआड एक का लावले? वरचा थर सगळा मांडून झाल्यावर उभं राहून लांबून का बघितलं, आणि पुन्हा बसून दोन तुकडे का बदलले?

उत्तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका गोधडीला कवंदी म्हणतात. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाचे छोटे तुकडे दुमडून, एकावर एक बसवून फुलं करतात. त्याला त्या ‘फुला’ म्हणतात, आणि त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत, ती नागडी राहते. आता सांगा, त्या कोपऱ्यांनी कोणाची थंडी जाते? ना ऊब, ना काटकसर, उलट कापड जास्तच लागतं. तरी ती हवीच.

ज्यांनी कधी शिवली नाही त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते, कारण मजा सगळी तिथे आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिला चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबी, म्हणजे एका माणसाची गोधडी बेतावी तसं माप आपोआप मिळतं. माझ्या मते हे लुगडं नेसण्याइतकंच पांघरण्यासाठीही बेतलेलं असावं, पण हे माझं आपलं मत. कापड सुतीच हवं, आणि बरंच धुतलेलं. नवं कापड खळीने ताठ असतं, टेरिकॉट सुईला दाद देत नाही आणि थरांमध्ये घसरत राहतं. सगळे थर जमिनीवर पसरायचे आणि मधून कडेकडे हाताने सुरकुत्या काढत जायचं. मोठे कच्चे टाके घालून थर पकडायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन असं फिरत फिरत मध्यावर यायचं.

ओळींमध्ये दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं आणि गोधडी दोन मीटर बाय सव्वा मीटरच्या आतबाहेर असली, तर एकूण सव्वाशे मीटर धावदोरा होतो. सेंटिमीटरला एक टाका म्हटला तरी बारा हजार टाके. मिनिटाला दहा पडले तर वीस तास, आणि दोरा ओवणं, गाठी सोडवणं, अंगुस्तान शोधणं, चहा हे धरून आरामात तीस. पहिले दोन तास कंटाळवाणे जातात हे मान्य. नंतर हाताला एक लय सापडते आणि डोकं मोकळं होतं. चार टाके सुईवर एकदम घेऊन दोरा सर्रकन ओढला की कापडाला जी बारीक सुरकुती पडते, ती बघायला मला अजूनही आवडतं. गोधडीला पोत येतो तो त्या सुरकुतीने. ज्या चादरींवर गोधडीची ठिगळं आणि वर टाकेसुद्धा छापलेले असतात ना, त्यांना म्हणूनच हात लावला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. टाक्याचं चित्र काढून चादर विकायची म्हणजे जेवणाचा फोटो वाढल्यासारखं झालं.

असो. आता तो प्रश्न, ज्यामुळे ही पोस्ट लिहायला बसले. ‘किती छान करतेस गं! विकत का नाहीस?’

हा प्रश्न कौतुकाने विचारला जातो हे मला कळतं. वहिनी, तुम्ही रागावू नका, हे फक्त तुम्हाला उद्देशून नाही, आतापर्यंत निदान पंधरा जणांनी विचारलंय. पण रविवारी सकाळी सिंहगड चढून उतरणाऱ्या दादाला कोणी विचारतं का, ‘याचे किती मिळतात?’ सोसायटीच्या गच्चीवर रात्री बारापर्यंत कॅरम खेळणाऱ्या पुरुषमंडळींना विचारतं का? त्यांचा तो विरंगुळा. बाईच्या हातात सुई दिसली की मात्र त्या वेळाचा हिशेब लागतो. एकतर घराला उपयोग दाखव, नाहीतर पैसे दाखव. दोन्ही नसेल तर ‘वेळ बरा मिळतो तुला’ हे आहेच.

मला त्यातून पैसे नकोत. मला त्यातून शनिवारची दुपार हवी आहे, आणि ती मिळते.

यात एक पोटप्रश्न आहे. पोटासाठी गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना मोबदला पूर्ण मिळायला हवा. जे लोक मला ‘विक ना’ म्हणतात तेच दारावर आलेल्या बाईने मजुरी सांगितली की ‘एवढे?’ म्हणतात. वरचा तीस तासांचा हिशेब पुन्हा एकदा वाचा आणि मग घासाघीस करा.

आमची शनिवारची दुपार म्हणजे चौघीजणी. एक बँकेतून निवृत्त झालेली, एक शाळेत गणित शिकवते, एक सगळ्यात तरुण, जिला सुईत दोरा ओवायचं काम कायमचं लागलंय, आणि मी. चौघी चार कडांना बसतो. गोधडी मध्ये पसरलेली असते, त्यामुळे प्रत्येकीची नजर खाली. समोरासमोर बसून चहा पिताना जे बोललं जात नाही ते इथे बोललं जातं, कारण कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसतं आणि हात थांबत नाहीत. गप्प बसलं तरी चालतं. कधीकधी अर्धा तास नुसता दोऱ्याचा आवाज असतो.

भांडणंही होतात, आणि ती गोधडीवरूनच होतात. गणिताच्या बाईंना सगळं समांतर लागतं. बँकवालीच्या ओळी नदीसारख्या वळत जातात, त्याही मुद्दाम. एकदा बाईंनी तिच्या चार ओळी उसवायला घेतल्या आणि असला वाद झाला म्हणता! शेवटी ओळी राहिल्या, आणि बाईंनी आपल्या बाजूला जास्तच सरळ टाके घालून निषेध नोंदवला. आज ती गोधडी बघून आम्ही चौघींचे चार कोपरे डोळे झाकून ओळखतो, बोटांनी. ज्याला शैली म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तुम्ही म्हणाल, घरगुती पांघरुणाला उगाच कला-बिला म्हणू नकोस. बरं. सोनिया डेलोने या चित्रकर्तीने 1911 साली आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण केलं. आपल्या भाषेत दुपटंच. ते आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे आणि अमूर्त कलेकडे तिने टाकलेलं पाऊल म्हणून त्याच्याकडे बघतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या पँटी-शर्टांच्या गोधड्या केल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि समीक्षकांनी तोंडात बोटं घातली. 2006 साली त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. आपल्याकडची आजी काही वेगळं करत नव्हती, पण तिची गोधडी भिंतीवर लावली नाही, पायाखाली घेतली. बरं, भिंतीवर लावायला हवी होती असंही मी म्हणत नाही. गोधडी अंगावरच हवी. फक्त ती ज्या डोक्यातून आली त्या डोक्याची आठवण ठेवा, नुसत्या हृदयाची नको.

हेही खरं की सगळ्याच जणी हौसेने शिवत नव्हत्या. याच जीज बेंडमधल्या लोरेटा पेटवे यांच्या गोधड्यांची नावाजणी झाली, आणि शिवण आपल्याला आवडत नव्हतं, गरज होती म्हणून केलं, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. माझी मावशीही तशीच, दिवाळीनंतर गोधड्या काढल्या की तिचं डोकं चढायचं. त्यांचं ऐकायलाच हवं. पण बघा, ‘मायेची ऊब’वाल्यांना हेही ऐकू येत नाही. तिला आनंद झाला असेल तरी माया, तिला वैताग आला असेल तरी माया. दोन्हीकडे बाईला स्वतःचं मत नाहीच.

तर यापुढे कोणी गोधडी भेट दिली तर डोळ्यांत पाणी आणण्याआधी तिला एवढं विचारा: हा रंग इथे का लावलास? ती सांगेल. बराच वेळ सांगेल.

आणि दादा, तुझा तो निळ्या चौकड्यांचा शर्ट कोपरावर विरलाय हे मी गेल्या वेळीच बघून ठेवलंय. या शनिवारी डाव्या कोपऱ्याला तेवढाच निळा कमी पडतोय. टाकून दिलास तर बघ.