गाडी मुलाची, हात कोणाचे?

मुलांनी वडिलांसोबत काही घडवावे, म्हणून डॉन मर्फी यांनी १९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ‘पाइनवुड डर्बी’ ही छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत सुरू केली. पाइनचा ठोकळा, चार चाके, आसांसाठी चार खिळे. वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. गाडी उतारावरून केवळ गुरुत्वाकर्षणाने धावते, त्यामुळे घर्षण आणि वजनाची जागा निर्णायक ठरते. इथेच पालकांना गाडी स्वतःच बनवण्याचा मोह पडतो आणि मूल प्रेक्षक होते. करवत धोक्याची, हा आक्षेप रास्त आहे. पण कापणे मोठ्यांनी केले तरी आकार ठरवणे, घासणे, रंगवणे मुलाचेच. त्याला हरण्याचे दुःख नको, असेही म्हणतात. परंतु स्वतः बनवलेली गाडी का मागे पडली, हे शोधणारे मूलच पुढची गाडी समजून घडवते. पालकांनी शिकवावे, करून दाखवावे आणि मग हात मागे घ्यावा.