ग्रहण सूर्याला, उपास गरोदर बाईला

सूर्यग्रहण जवळ आलं की दवाखान्यात ठरलेले प्रश्न सुरू होतात. "डॉक्टर, उद्या शुगरची गोळी घेऊ का?" "सुनेला सातवा महिना आहे, पाणी दिलं तर चालेल का?" विचारणारे अडाणी नसतात. मुलगा पुण्यात आयटीत असतो, सून पदवीधर असते आणि वेधाचं वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असतं.

ग्रहणात ज्यांना स्नान, जप, दान करायचं आहे त्यांनी जरूर करावं. कृष्णेच्या घाटावर अंघोळ केल्याने कुणाची तब्येत बिघडत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की श्रद्धा घरातल्या मोठ्यांची असते आणि उपास मात्र गरोदर सुनेला घडतो.

सूर्यग्रहणात चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये येतो आणि त्याची सावली आपल्यावर पडते. त्या वेळी कोणतेही नवे, विषारी किरण तयार होत नाहीत. अन्न खराब होतं ते जंतूंमुळे. जंतू वाढायला ऊब आणि वेळ लागतो, त्याचा सावलीशी संबंध नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ चं दिवाळीतलं ग्रहण आठवा. आपल्याकडे ते सूर्यास्तापर्यंत जेमतेम सव्वा तास दिसलं. पण वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणून अनेक घरांत पहाटेपासून अन्नपाणी बंद होतं. खरं तर बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवतींना वेधात सूट आहे, असं पंचांगातही छापलेलं असतं. आपण पंचांगापेक्षाही कडक होतो.

उपाशी राहिल्याने काय होतं?

इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन जेवलं नाही, तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, बेशुद्धही पडू शकतो. पाणी न पिता आणि लघवी दाबून एका जागी बसलेल्या गरोदर बाईला चक्कर येऊ शकते, मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. हे ग्रहणाचे परिणाम नाहीत, ग्रहण पाळण्याचे आहेत.

बाळाचा ओठ आणि विळी

"ग्रहणात विळी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला," हे वाक्य अनेक आयांना जन्मभर ऐकावं लागतं. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. सातव्या महिन्यात भाजी चिरल्याने चार-पाच महिन्यांपूर्वी जुळलेला ओठ उसवेल कसा?

ओठ दुभंगण्यामागे आनुवंशिकता, काही फिटची औषधं, गरोदरपणाआधीपासून आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान अशी कारणं असू शकतात. अनेकदा एक नेमकं कारण सापडत नाही. अशी बाळं ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही जन्मतात आणि ग्रहण नसलेल्या वर्षांतही जन्मतात. शस्त्रक्रियेने ओठ चांगला जुळतो, पण आईला दिलेला दोष तसाच राहतो.

ग्रहणात सुनेला सुई हातात घेऊ न देणाऱ्या काही घरांत रोज सकाळी मशेरी भाजली जाते. गरोदरपणी मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. लोहाच्या गोळ्या मात्र डब्यात तशाच पडून असतात. काळजी करायचीच तर ती इथे करा.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला २१ जून २०२० च्या ग्रहणात एका गरोदर महिलेने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसमोर भाजी-फळं चिरली, खाल्लं, पाणी प्यायलं आणि सौरचष्म्यातून ग्रहणही पाहिलं. एका उदाहरणाने विज्ञान सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण शेकडो घरांत सुनेला जे बोलता येत नाही, ते तिने चारचौघांत करून दाखवलं. तिच्या घरचे पाठीशी होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खरा धोका डोळ्यांना

सूर्याकडे थेट पाहू नका, हे मात्र शंभर टक्के खरं. एरवी सूर्य डोळे दिपवतो म्हणून आपण मान वळवतो. ग्रहणात तो झाकलेला असल्यामुळे टक लावून पाहिलं जातं. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना समजत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा डाग दिसू लागतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. एक्स-रे फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच यांपैकी काहीही वापरू नका. प्रमाणित सौरचष्मा घ्या, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडा. झाडाच्या पानांतून येणारे कवडसेही त्या वेळी चंद्रकोरीसारखे दिसतात. ते मुलांना जरूर दाखवा.

२ ऑगस्ट २०२७ ला, आषाढी अमावास्येला, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी आभाळ उघडलं तर वाईतूनही दिसेल. त्या दिवशी घरात कुणी गरोदर असेल, तर तिला वेळेवर जेवायला वाढा, पाणी द्या, हवं तेव्हा उठू-बसू द्या. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळीच घ्या. आणि सासूबाई, हे सुनेला तुम्ही स्वतः सांगा. माझ्या सांगण्यापेक्षा तुमच्या एका शब्दाने तिला जास्त धीर येईल.