ज्यास घर नाहीं त्याचें पथ्य

मधुमेहाच्या रोग्यास वैद्य जो उपदेश करितात तो आपणां सर्वांस पाठ आहे. वेळेवर जेवावें, गोड वर्ज्य करावें, औषध चुकवूं नये, पायांची निगा राखावी. उपदेश उत्तम आहे. परंतु त्याच्या प्रत्येक शब्दामागें एक घर उभें आहे, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. वेळेवर जेवावयास चूल पाहिजे, औषध ठेवावयास फळी पाहिजे, पाय धुवावयास मोरी पाहिजे. ज्याचें बिऱ्हाड पुलाखालीं अथवा दुकानाच्या पायरीवर आहे, त्यानें हें पथ्य कसें पाळावें? आणि त्याच्या हातून तें पाळलें गेलें नाहीं म्हणजे 'हा मनुष्य बेफिकीर आहे' असें म्हणून आपण मोकळे होतों. माझ्या मतें हा शेरा अन्यायाचा आहे. बदल त्या मनुष्यांत नव्हे, उपचाराच्या पद्धतींत व्हावयास पाहिजे.

२०११ सालच्या शिरगणतींत भारतांत सुमारें १७ लक्ष ७० हजार मनुष्यें बेघर आढळलीं. त्यांपैकीं दोन लक्षांहून अधिक महाराष्ट्रांत होतीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटि १० लक्ष आहेत. हा केवळ धनिकांचा रोग आहे ही समजूत आतां टाकून दिली पाहिजे.

रस्त्यावरील मनुष्य काय खातो? जें मिळेल तें. चहा, पाव, वडा. आणि सणाच्या दिवशीं आपण दानशूर लोक वाटतों ती बुंदी व शिरा. पुढचा घांस केव्हां मिळेल याची खात्री नसतां हातांतील पान त्यानें परत करावें, अशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें आहे.

याहून मोठें संकट उलट दिशेनें येतें. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या व इन्सुलिन हीं, पोटांत अन्न असो वा नसो, रक्तांतील साखर उतरवितात. सकाळीं औषध घेतलें आणि दुपारीं अन्न मिळालें नाहीं, तर मनुष्यास दरदरून घाम सुटतो, हात कांपतात, जीभ अडखळते, तो झोकांड्या खातो. फाटक्या वस्त्रांतील असा मनुष्य पाहून आपण 'दारुडा' म्हणतों व रस्ता ओलांडतों. तीनचार चमचे साखर पाण्यांत घालून वेळीं दिली असती तर जो सावध झाला असता, तो कधीं कधीं तेथेंच मरतो. (त्यास गिळतां येत नसेल तर मात्र तोंडांत कांहींहि घालूं नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.) म्हणून डॉक्टरांनीं गोळी लिहून देण्यापूर्वीं 'काल किती वेळां जेवलास?' हा प्रश्न विचारला पाहिजे. मेटफॉर्मिन एकटें घेतलें असतां साखर फार उतरण्याचें भय थोडें, व तें स्वस्तहि आहे. प्रकृतीस चालत असेल तेथें तें अधिक बरें.

इन्सुलिनची गोष्ट निराळी. १९२१ सालीं टोरांटो येथें तें सांपडलें, आणि १९२३ सालीं संशोधकांनीं आपला हक्क एकेक डॉलर घेऊन विद्यापीठास देऊन टाकला. इतक्या उदारपणें दिलेलें हें औषध थंडाव्यावांचून टिकत नाहीं. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. खेड्यांत शीतकपाट नसलें तर ओल्या मातीच्या भांड्यांत ती ठेवतात. पण फूटपाथवर मडकें तरी कोठें राहतें? पालिकेची गाडी येऊन गांठोडें उचलून नेते, तेव्हां औषध व केसपेपर हीं दोन्ही त्याबरोबर जातात.

पायांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. रोग जुना झाला म्हणजे पुष्कळांच्या पायांची संवेदना जाते. तापलेलें डांबर, खिळा, कांच, कांहींच कळत नाहीं. रात्रीं उंदीर बोटें कुरतडतात तरी जाग येत नाहीं. १९४६ सालीं वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांविषयीं हेंच दाखवून दिलें, कीं बोटें नाहींशीं होतात तीं मुख्यतः वेदना न कळल्यामुळें होणाऱ्या जखमांनीं. उंदरांपासून रक्षण व्हावें म्हणून ते रोग्यांस घरीं जातांना मांजर देत असत! मऊ रबरी तळाची चप्पल आणि रोज पाय पाहण्याची संवय, हा जो उपाय कुष्ठरोग्यांसाठीं योजला, तोच पुढें मधुमेह्यांच्या पायांस उपयोगी पडला. रस्त्यावरील मनुष्यास ही चप्पल द्यावी. मात्र ती रात्रीं उशाशीं घेऊन निजावें लागतें हेंहि ध्यानांत असावें.

ह्या सर्वांचें मूळ निवाऱ्यांत आहे. २०१३ सालच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानांत, लोकसंख्येच्या दर लक्षामागें निदान शंभर मनुष्यांचें, चोवीस तास उघडें असणारें निवारागृह असावें असें घातलें होतें. विद्यार्थ्यांनीं त्रैराशिक मांडून पाहावें: २०११ सालीं मुंबईची वस्ती सुमारें १ कोटि २४ लक्ष होती, म्हणजे अशीं १२४ गृहें हवींत. मग आपल्या वॉर्डांत एक तरी आहे काय, हें हिंडून पाहावें. असेल तर तेथें नांव घातलेल्या कुप्यांसाठीं शीतकपाट, औषधांसाठीं कुलपाची पेटी, पाय धुवावयास नळ, आणि रात्रीं उघडें असणारें शौचकूप आहे काय, हें विचारावें. ह्या रोगांत वरचेवर लघवीस जावें लागतें. स्त्रियांनीं रात्रीं कोठें जावें, याचा विचार योजना करणाऱ्यांनीं फारसा केलेला दिसत नाहीं.

येत्या नाताळांत मुलें खाऊच्या पुड्या वाटावयास निघतील. पुडींत केक व बर्फी यांऐवजीं भाजलेले चणे, शेंगदाणे व उकडलेलें अंडें घालावें, आणि उरलेल्या पैशांतून चपला घ्याव्या. पायांचीं मापें आधीं घेऊन यावींत. त्यास एक शनिवारची दुपार पुरे.