सैन्यातला बालवैद्य

यानुश कोर्चाक या टोपणनावाने ओळखले जाणारे पोलिश ज्यू बालरोगतज्ज्ञ हेन्रिक गोल्डश्मिट यांचे स्मरण बहुधा त्यांच्या मृत्यूपुरतेच केले जाते, कारण ऑगस्ट १९४२ मध्ये वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतून, सुमारे २०० अनाथ मुलांसह ते ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे गेले आणि स्वतःचा जीव वाचवणे शक्य असूनही त्यांनी मुलांची साथ सोडली नाही. या अंकातील चरित्रलेख त्याआधीच्या डॉक्टरकडे वळतो, हे उचितच होय. रशियन साम्राज्याचे प्रजाजन असल्याने त्यांना रशिया-जपान युद्धात आणि पुढे पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करावे लागले. महायुद्धातील त्यांच्या अनुपस्थितीत त्यांचा वॉर्सातील अनाथाश्रम सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का यांनी सांभाळला (त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, हा अन्यायच), तर मुलांवर प्रेम कसे करावे याविषयीचा कोर्चाक यांचा प्रमुख ग्रंथ आघाडीवरील रुग्णसेवेच्या धकाधकीत आकाराला आला. मुलाला ‘भावी माणूस’ न मानता आजचाच पूर्ण माणूस मानणारी त्यांची भूमिका केवळ भावनिक नव्हती, कारण त्यांच्या आश्रमात मुलांचे वजन नियमितपणे नोंदले जाई आणि मुलेच न्यायाधीश असलेल्या ‘न्यायालया’त शिक्षकांवर, प्रसंगी खुद्द डॉक्टरांवरही, फिर्याद गुदरता येई.