विश्लेषण : नातवाला लस मोफत, आजोबांचे काय?

वर्धा जिल्ह्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत बाळाला सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात न्यूमोनियाविरोधी ‘पीसीव्ही’ लस मोफत मिळते. २०२१ पासून ही सोय देशभर आहे. त्याच घरातील मधुमेही आजोबांना मात्र राष्ट्रीय लसीकरणात स्थान नाही. त्यांना पदरचे पैसे मोजावे लागतात.

धोका कोणाला?

न्यूमोनियाची कारणे अनेक. त्यांतील प्रमुख जिवाणू न्यूमोकॉकस. साठी-पासष्टी ओलांडलेले, धूम्रपान करणारे आणि मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांच्यासाठी तो अधिक घातक. विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. या आजारात जंतूंना अटकाव करणारी प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि हा जिवाणू रक्तात झपाट्याने पसरू शकतो. वृद्धांमध्ये ताप-खोकला ठळक नसतो. जेवण सुटते, बोलणे असंबद्ध होते. ‘वय झाले’ म्हणून घरचे थांबतात आणि उपचाराला उशीर होतो.

लस किती उपयोगी?

नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८४ हजार जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीतील प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी, तर रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग ७५ टक्क्यांनी घटला. म्हणजे ही लस प्रत्येक न्यूमोनिया रोखत नाही. जीवघेण्या संसर्गापासून मात्र चांगले संरक्षण देते. कोणती लस, किती मात्रा, हे वय व आजार पाहून डॉक्टरच ठरवतील. फ्लूची लस वेगळी असते आणि ती दरवर्षी घ्यावी लागते.

सरकारने काय करावे?

सर्व ज्येष्ठांना एकदम लस देणे तिजोरीला जड जाईल, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण सुरुवात सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांपासून आणि जुनाट आजार असलेल्या गरीब ज्येष्ठांपासून करता येईल. सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, गावोगावी आशा सेविका आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बालकांसाठी स्वदेशी लस बनवली, तशी स्वस्त लस प्रौढांसाठीही हवी. शेतमजुराच्या घरातील म्हाताऱ्याचा श्वास त्याच्या खिशावर अवलंबून राहू नये.