डॉक्टर धाडा, पण मागं गाव ठेवा



आपले डॉक्टर परमुलखात धाडावेत काय? १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं पाच डॉक्टर धाडले. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. पैसा लोकांच्या वर्गणीचा, जाणं स्वतःच्या मर्जीचं. कोटणीस १९४२ साली तिथंच वारले. अशा जाण्याला आमचा सलाम.

क्यूबाचं सरकारही गरीब देशांत डॉक्टर धाडते. तिथल्या रोग्यांना आधार होतो, हे खरं. पण कित्येक ठिकाणी त्यांच्या कमाईचा मोठा वाटा सरकारच ठेवून घेते. डॉक्टर म्हणजे काही विकायची कापसाची गाठ नव्हे.

आता आपलं पाहू. १९९३ साली मेळघाटातली लेकरं मेली, तेव्हा कुठं देशाला जाग आली. तरी धारणी-चिखलदऱ्याची बदली अजून शिक्षाच समजतात. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे मर्जीनं आले, म्हणून टिकले. लोकांच्या पैशावर शिकलेला डॉक्टर परदेशी जाते, आणि इथं बाळंतीण खाटेवर घालून न्यावी लागते.

म्हणून आमचं म्हणणं: डॉक्टर जावा मर्जीनं, मेहनतीचा पैसा त्याच्याच हाती पडावा, आणि मागं दवाखाना रिकामा राहू नये. आपल्या दवाखान्यात जागा किती, माणसं किती, हे येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर लेखी घ्या. जंगल जसं आपलं, तसा दवाखानाही आपलाच.